दर मोठ्या चौकोनात एक लाट

८ जानेवारी

कामाची वही वेगळी आहे. ती साडू वाचतो, म्हणून ही दुसरी काढली. हिच्यात कुणाबद्दल चांगलं लिहिलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नये, माझ्याबद्दलसुद्धा नाही.

आज रुग्णालयातून सहाच्या सहा मशीनं परत आली. हृदयाचा आलेख काढणारी मशीनं आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे घराखालच्या तीन खोल्या, मी, ही आणि साडू. ही म्हणजे माझी बायको, बोर्डांवर सोल्डरिंग करते. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तो उंटावरून शेळ्या हाकतो. अ‍ॅम्प्लिफायर माझा. बावीस वर्षांपूर्वी मी आखला आणि आजवर त्यातला एक रेझिस्टरही मला न विचारता बदललेला नाही.

प्रत्येक मशीनला एकच चिठ्ठी चिकटवलेली, तिथल्या टेक्निशियन बाईच्या अक्षरात: ‘रेषेऐवजी सुरवंट येतो.’ उपमा चांगली आहे, म्हणूनच जास्त झोंबली.

सुरवंट म्हणजे हम. भिंतीतल्या तारांमधून वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि त्यांचा थोडा अंश कातडीवर येऊन बसतो. हृदयाचा आवाज त्यापुढे मुंगीएवढा. अ‍ॅम्प्लिफायरचं काम सोपं आहे: दोन्ही हातांवर सारखं असेल ते फेकून द्यायचं आणि फरक असेल तेवढाच मोठा करायचा. माणसांना हे जमलं असतं तर साडूबरोबरची वीस वर्षं सुखात गेली असती.

साडू दारात उभा राहूनच बोलला. आत येऊन बसला तर स्क्रू ड्रायव्हर हातात धरावा लागेल अशी त्याला भीती असते.

“दादा, दहा मार्चला ते पुन्हा तपासणार आहेत. चाळीस मशीनचं काम आहे. तोवर रेषा साफ झाली तर ठीक. नाहीतर मी बाहेरून सीलबंद अ‍ॅम्प्लिफायर आणतो. हल्ली काडेपेटीएवढे येतात. आपण नुसते डब्यात बसवायचे.”

“आणि मी काय करू?”

“तुम्हीच बसवाल ना.”

११ जानेवारी

तपासणीची आमची पद्धत अशी. आधी खोटा रोगी, म्हणजे एका डबीत बसवलेले रेझिस्टर. त्यावर हम मोजायचा आणि प्रीसेटचा बारीक स्क्रू फिरवून तो शून्याजवळ आणायचा. मग स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका. बाटली हिची, लग्नातली. आतलं पॉलिश आतापर्यंत दहा वेळा बदललं असेल. नखांना तिने शेवटचं कधी लावलं ते आठवत नाही.

डबीनंतर खरा माणूस, आणि तो माणूस म्हणजे ही. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात पहिला अ‍ॅम्प्लिफायर हिच्यावर तपासला, तेव्हापासून प्रत्येक नवा हिच्यावरच. दुकानदाराकडे तराजूत टाकायचं वजन असतं तशी ही आमचं वजन आहे. हिची पट्टी, म्हणजे हिच्या आलेखाचा कागद, मला तोंडपाठ आहे. पट्टी बिघडली तर मशीन बिघडलेलं, एवढा सरळ हिशेब. शिवाय ही दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत असते. म्हणते, तपासणीच्या खाटेवर पडले की तेवढी दहा मिनिटं स्वस्थ मिळतात.

आज स्क्रू ड्रायव्हर सापडेना. टेबलं उलटीपालटी केली. ही खाटेवरून शांतपणे म्हणाली, “काखेत कळसा नि गावाला वळसा. कानावर आहे तुमच्या.”

पट्टी काढली. हम होताच. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मोठ्या, सावकाश लाटा. कागदावर जाड रेघांचे मोठे चौकोन असतात, सेकंदाला पाच सरकतात. दर मोठ्या चौकोनात एक लाट, अगदी मोजून. हम सेकंदाला पन्नास, आणि हे पाच. एक रोग घेऊन बसलो होतो, निघाले दोन.

१३ जानेवारी

लाटा पहिल्या आणि तिसऱ्या लीडमध्ये आहेत, दुसरीत नाहीत. लीड म्हणजे अंगावरच्या दोन जागांमधला फरक टिपणारी एक रेघ. दुसरी लीड उजवा हात आणि पाय यांच्यातली, डावा हात तिच्यात येत नाही. म्हणजे खोट डाव्या हाताच्या वाटेवर आहे. डावी केबल बदलली, लाटा तशाच. बोर्डावरचा डावीकडचा आयसी बदलला, तरी तशाच. शेवटी दोन्ही हातांच्या केबली उलटसुलट लावल्या. लाटा केबलबरोबर गेल्या नाहीत, डाव्या हातालाच चिकटून राहिल्या. म्हणजे सर्किट निर्दोष. फार बरं वाटलं. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवणाऱ्यांच्या तोंडावर हे मारता येईल.

मग उरते ती खाटेची डावी बाजू. तिथे भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे शिंप्याचं दुकान.

१६ जानेवारी

शिंप्याच्या दुकानात अर्धा तास उभा राहून टाके मोजले. घाईत नसला की सेकंदाला चार ते सहा. मशीनच्या धक्क्याने भिंत हलते, भिंतीमुळे खाट, खाटेमुळे वायर. त्याला सांगितलं, उद्यापासून अकरा ते एक मशीन बंद ठेवायचं, हृदयाचं काम आहे. त्याने माझ्या छातीकडे पाहिलं आणि घाबरून हो म्हणाला.

१९ जानेवारी

लाटा आहेतच. रागाने शिंप्याकडे गेलो की ठरलेली वेळ का पाळत नाही. तो सुईत दोरा ओवत बसला होता. म्हणाला, “साहेब, मशीन बिघडून तीन दिवस झाले. तेव्हापासून मी हातानेच शिवतोय.”

घरी येऊन खाट उलटी फिरवली, उशाचं पायथ्याला. लाटा डाव्या हातालाच. ही म्हणाली, “मला कुठंही झोपवा, माझा डावा हात डावीकडेच राहणार.” मी म्हटलं, विनोद नकोत.

२२ जानेवारी

रुग्णालयात गेलो. टेक्निशियन बाई पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज पोलिसाचा. माझ्यासमोर एका म्हाताऱ्याला आमचं मशीन लावलं. सुरवंट आला. मी म्हटलं, तुमच्या इमारतीचं अर्थिंग वाईट आहे. ती म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं. आमचं अंगण चाळीस वर्षं असंच आहे, तुम्ही नाचायला आलात ना?”

मग तिने काय केलं, तर म्हाताऱ्याच्या अंगावर चारी दिशांना पसरलेल्या केबली गोळा केल्या आणि मुलीची वेणी घालावी तशा एकमेकींत गुंफल्या. सुरवंट अर्धा झाला. तारा फाकलेल्या असल्या की मधल्या जागेत हम शिरतो, गुंफल्या की जागाच उरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. कधी करून पाहिलं नव्हतं.

तिचं नाव मी वेणीबाई ठेवलं आहे. घरी येऊन साडूला सांगितलं की केबली गुंफायची कल्पना मला सुचली.

२९ जानेवारी

हिच्याशी वाजलं.

पूर्वी दिवसाला चार बोर्ड व्हायचे. आता एक, आणि तोही संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. बोर्डांवर लावायची लेबलं लिहिते ती इतकी बारीक की मुंग्यांची रांग वाटावी. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर निदान दिसतं, शेवटचं भिंगातून वाचावं लागतं. मी म्हटलं, कागद काय सोन्याचा आहे का? जरा ठळक लिही. म्हणाली, “लिहिते मोठंच. होतं बारीक.” हे काय उत्तर झालं? लिहिणारी तू, तर होतं कसं?

तेव्हापासून रुसली आहे. चेहरा कोरा ठेवते. शिंप्याचा किस्सा मी काल मेहुणीला रंगवून सांगितला, मेहुणी पोट धरून हसली, ही मात्र भिंतीसारखी. पूर्वी माझ्या फालतू विनोदालाही हसायची. आणि तो डावा हात सतत स्वेटरच्या खिशात. थंडी आहे हे मान्य, पण घरात? काम असलं की बाहेर काढते, संपलं की लगेच आत.

संध्याकाळी चहा घेऊन माझ्याशेजारी बसली. कपबशी मांडीवर. किणकिण, किणकिण, सारखी किणकिण. मी गेन, म्हणजे आलेख किती पट मोठा होतो ते, मोजत होतो. म्हटलं, ती बशी खाली ठेव तरी. ठेवली.

४ फेब्रुवारी

आज साडूला पकडून खाटेवर आडवा केला. नवीन सूट, बूट काढायला तयार नाही. त्याच्या पट्टीवर हम थोडा, लाटा अजिबात नाहीत. लगेच उठून म्हणाला, “बघा, मी झोपलो की सगळं व्यवस्थित.” जन्मभर झोपलेलाच आहेस बाबा.

पण त्यातून धागा सापडला. साडूची कातडी तुपकट, हिची कोरडी. कोरड्या कातडीवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि दोन हातांचा ताळमेळ सुटतो. खोट मशीनमध्ये नाही, भिंतीत नाही, कातडीत आहे. एवढं साधं कसं सुचलं नाही?

स्पिरिटने हिचं डावं मनगट पुसलं. लाटा तशाच. मग अगदी बारीक पॉलिश पेपर घेऊन घासलं. कातडी लाल झाली, एका जागी सोललीही. ही छताकडे बघत होती. वर भरपूर जेली लावली. लाटा तशाच.

“दुखलं का?”

“नाही.”

“मग डोळ्यांत पाणी का?”

“स्पिरिटचा वास,” म्हणाली.

१० फेब्रुवारी

मेहुणी येऊन गेली. जाताना जिन्यात मला थांबवून म्हणते, “ताईला एकदा डॉक्टरला दाखवा ना. चालताना तिचा एक हात हलतच नाही.” मी म्हटलं, खिशात असतो तो, हलणार कसा? मेहुणीला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची हौस आहे, आणि नवऱ्याच्या कारखान्यावर लक्ष ठेवायची त्याहून. इथे माझा अ‍ॅम्प्लिफायर पणाला लागलाय आणि या बहिणींना हात हलवून दाखवायचे आहेत. दहा मार्चला आता चार आठवडे राहिले.

१८ फेब्रुवारी

हम मेला.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. उजव्या पायाची वायर आजवर नुसती जमिनीला जोडलेली होती. आता अंगावर जेवढा हम येतो तो मोजून, उलटा करून, त्याच वायरीने अंगावर परत सोडतो. आलेला आणि सोडलेला एकमेकांना खातात. कल्पना जगात जुनीच आहे, मीच बावीस वर्षं हट्टाने वापरली नव्हती. पहिल्या दिवशी सर्किट शिट्टी घालायला लागलं, फार जोरात परत सोडलं की असं होतं. आठवडाभर कपॅसिटर बदलत बसलो. आज दुपारी बसलं. सुरवंट होता तिथे केसाएवढी रेघ.

पण लाटा आहेत. हम गेल्यावर आणखीच उघड्या पडल्या. दर मोठ्या चौकोनात एक.

मी ओरडलो. “हलू नकोस ना!”

“मी हलत नाहीये.”

“मग हे कोण हलतंय?”

ही म्हणाली, “ते तुम्ही सांगा. पट्टी तुमच्या हातात आहे.”

मी म्हटलं, मला कळलं असतं तर तुला विचारलं असतं का?

२६ फेब्रुवारी

सापडलं. खोट कशात होती हे नाही सापडलं, पण उपाय सापडला, आणि गिऱ्हाईकाला उपायाशीच मतलब.

इलेक्ट्रोड मनगटावर लावायचेच कशाला? काढले आणि खांद्यांवर लावले, गळ्याच्या हाडाखाली. हृदयाला काय, हात म्हणजे नुसती लांब वायरच. तिच्या या टोकाला धरा की त्या टोकाला. आणि काय सांगू, लाटा साफ गेल्या. एका फटक्यात. हिची जुनी पट्टी परत आली, बावीस वर्षांपूर्वीची, मला तोंडपाठ असलेली. तीन वेळा काढून पाहिली. सगळ्या लीड स्वच्छ.

आनंद झाला की माणसाने कुणाला तरी दाखवावं. हिलाच दाखवली. तिने पट्टी दोन्ही हातांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटतं, एवढा वेळ तिने कुठलीच पट्टी पाहिली नव्हती.

“गेलं?”

“गेलं.”

“कुठं गेलं?”

“आलं होतं तिथं. आपल्याला काय करायचंय?”

“बरं झालं,” म्हणाली. उठून जेली पुसली, डावा हात खिशात घातला आणि जिना चढून वर गेली. एका शब्दाने कौतुक नाही. बावीस वर्षांत या बाईला माझ्या कामाची किंमत कळली नाही.

१० मार्च

पास.

मोठे डॉक्टर, दोन अधिकारी, वेणीबाई, साडू आणि मी. पाच रोगी, पाच पट्ट्या, एकावरही सुरवंट नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, “हे इथेच बनवता तुम्ही?” साडू म्हणाला, “आमचं संशोधन आहे.” आमचं! पण आज मला तेही चाललं. सीलबंद काडेपेट्यांचा विषय संपला. चाळीसच्या चाळीस मशीनांत माझा अ‍ॅम्प्लिफायर बसणार.

जानेवारीपासूनच्या सगळ्या तपासणीच्या पट्ट्या फाइल करून वेणीबाईंकडे दिल्या. नियमच आहे तसा. शिवाय बाईंनी बघावं, माणसाने किती मेहनत केली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “सुटलात.” मी म्हटलं, आपण सुटलो.

१३ मार्च

वेणीबाईंनी बोलावलं. मला वाटलं, आणखी तक्रार. त्यांनी चष्मा लावला, फाइल उघडली, जानेवारीतली पट्टी माझ्यासमोर सरकवली.

“हा पेशंट कोण?”

“पेशंट नाही. ते आमचं प्रमाण आहे. ती पट्टी सोडा, तेव्हा मशीनमध्ये खोट होती.”

“दोन नंबरची लीड बघा, साफ आहे. एक आणि तीनमध्ये लाटा. म्हणजे डावा हात. दर मोठ्या चौकोनात एक.” पेन्सिलीच्या टोकाने मोजत गेल्या. “मशीनची खोट इतकी शिस्तीत नसते. हा कंप आहे. हात टेकवला, स्वस्थ पडलं की सुरू होतो, कामाला लावला की थांबतो. महिन्याला चार-पाच तरी येतात आमच्याकडे असे. आम्ही पण इलेक्ट्रोड खांद्यावर लावतो मग, आणि पट्टीच्या कोपऱ्यात लिहितो की हात थरथरतोय. म्हणजे डॉक्टरला कळतं.”

मी विचारलं, कशाचा कंप. त्यांनी पार्किन्सन म्हटलं आणि पुढे रोज सांगत असल्यासारखं सांगत गेल्या. चाल मंदावते. अक्षर बारीक होत जातं. चेहरा कोरा दिसतो, घरच्यांना वाटतं रुसलंय.

मी फाइल बंद केली.

“औषध चालू आहे ना त्यांचं?” बाईंनी विचारलं. “कोण आहेत तुमच्या?”

मी म्हटलं, आमच्याकडे सोल्डरिंग करतात. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. लिहितानाही लाज वाटते आहे, म्हणून लिहितो आहे.

१४ मार्च

सकाळी जुन्या रोलांचं कपाट उघडलं. प्रत्येक पट्टीवर तारीख आणि पेन्सिलीने माझा शेरा. शिस्तीचा माणूस मी.

गेल्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्यांवर लाटा आहेत. लहान, पण आहेत. शेरे माझ्याच अक्षरात, मोठ्या आणि ठळक: ‘डावी बाजू, किरकोळ गोंधळ, दुर्लक्ष.’ ‘पुन्हा तेच, दुर्लक्ष.’ एकावर लिहिलंय, ‘हिला नीट पडून राहता येत नाही.’ त्याआधीच्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या पट्टीवर फक्त तीन लाटा, मग थांबलेल्या, त्यांना मी गोल केलेला. त्याच्या मागचे रोल उघडले तर कोरे. गरम सुईने उमटणारा कागद जुना झाला की पुसट होतो. म्हणजे सुरुवात कधी झाली हे मलाही आता सांगता येणार नाही.

ही चहा घेऊन खाली आली. जमिनीवर पसरलेल्या पट्ट्या पाहिल्या. कप ठेवला आणि खाटेच्या कडेला बसली. हात खिशात घातला नाही. मांडीवर ठेवला. मी बघत राहिलो. अंगठा बोटावर घासत होता, गोळी वळावी तसा. खरंच सेकंदाला पाच. मनगटावरची सोललेली जागा अजून तांबूस आहे.

“केव्हा कळलं तुला?”

“मागच्या वर्षी. धाकटीबरोबर जाऊन आले डॉक्टरकडे, तुम्हाला सांगू नको असं तिला बजावलं होतं. गोळ्या देत होते, म्हटलं थोडं थांबते.”

“का?”

“गोळ्यांनी हात थांबला असता. मग पट्टीवर काय दिसलं असतं?”

मला कळेना ही काय बोलते आहे.

“मला सांगायचंस तरी. तोंड नव्हतं का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुला भास होतात. दाताचं सांगितलं तेव्हाही हेच म्हणालात, पाठीचं सांगितलं तेव्हाही. माणसाचं तुम्हाला खरं वाटत नाही, अहो. म्हटलं, मशीनचं तरी वाटेल.” तिचा चेहरा कोराच होता, रुसलेला नव्हे, आता मला फरक कळतो. “म्हणून पडत होते. मला काय त्या खाटेची हौस होती? दर वेळी वाटायचं, आज बघतील आणि म्हणतील, अगं, हा तुझा हात आहे. तुम्ही केबल बदललीत. भिंतीला विचारलंत. शिंप्याला विचारलंत.”

मी म्हटलं, तुलाही विचारलं होतं, अठरा फेब्रुवारीला. कामाच्या वहीत नोंद आहे.

“हो,” ती म्हणाली. “मी हलू नये म्हणून.”

कप उचलून वर घेऊन गेली. चहा मी घेतलाच नव्हता.

१९ मार्च

डॉक्टरकडे जाऊन आलो. मेहुणीही होती, माझ्याशी बोलली नाही. त्या वेळीच गोळ्या सुरू केल्या असत्या तर हे वर्षभराचे हाल वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. बघत होते माझ्याकडे. आता सुरू केल्या आहेत, गुण यायला वेळ लागेल. पुरा बरा होणारा आजार नव्हे.

साडूला सगळं कळलं आहे. आला, हिच्या तब्येतीची चौकशी केली, डोळे पुसले. खरे होते, उगाच नाव ठेवणार नाही. मग जाता जाता म्हणाला, “दादा, ते खांद्याचं तेवढं माहितीपुस्तकात घाला. थरथरणाऱ्या रोग्याचीही पट्टी स्वच्छ येते म्हणून. दुसऱ्यांच्या मशीनबरोबर असं कुणी देत नाही.”

लिहून दिलं. ‘रुग्णाचा हात थरथरत असल्यास इलेक्ट्रोड खांद्याजवळ लावावेत. आलेख स्वच्छ मिळेल.’ खाली वेणीबाईंची ओळ जोडली: ‘मात्र हात थरथरतो अशी नोंद पट्टीवर अवश्य करावी.’ साडूने ती दुसरी ओळ खोडली. म्हणाला, गिऱ्हाईक बिचकेल. मी पुन्हा लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी भांडून जिंकलो, आणि जिंकून काय मिळालं?

२४ मार्च

चाळिसातलं पहिलं मशीन तयार झालं. बोर्ड मीच सोल्डर केला, हिच्याइतका सुबक नाही. प्रीसेट लावला, नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका ओघळला.

जिन्याखाली उभा राहून हाक मारली, “अगं, येतेस का दहा मिनिटं? पहिलं मशीन आहे.”

वरून उत्तर आलं. “नाही.”

“मनगटालाच लावतो. खांद्याला नाही. जसं असेल तसं येऊ दे.”

“आता काय बघायचंय तुम्हाला?” आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. “माझं बघून झालं. दुसरं कुणीतरी शोधा.”

दुसरं कोण आहे? स्वतःच खाटेवर आडवा झालो. बावीस वर्षांत या खाटेवर मी कधी पडलो नव्हतो. इथून छताला एक लांब भेग दिसते, खिडकीपर्यंत गेलेली. ती ही रोज बघत असणार. मनगटांना क्लिपा लावल्या, केबली गुंफल्या, हात लांब करून बटण दाबलं.

पट्टी सरकत राहिली. हम नाही. लाटा नाहीत. सगळ्या लीड साफ, रेघ केसासारखी. इतकी स्वच्छ पट्टी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरने आजवर काढली नव्हती. मला काहीसुद्धा झालेलं नाही.

वर ही चहा घेऊन बसली असावी. बशीवर कप वाजत होता. पट्टी बाजूला ठेवून मी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत मोजू लागलो. चार, कधी पाच. गोळ्यांचा गुण यायचा आहे अजून. बशी खाली ठेव, असं मी म्हटलं नाही. थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला. तिने दुसऱ्या हाताने कप धरला असेल.